मिनिटाला दोन लिटर, सात रात्री: एका अलास्का क्रूझचं प्रकरण

संध्याकाळचे सव्वापाच. सिअ‍ॅटलचा धक्का सोडून जहाजाला तास उलटून गेला होता आणि बाबांच्या मांडीवरच्या ऑक्सिजन मशीनवर बॅटरीच्या पाचपैकी दोनच रेघा उरल्या होत्या. केबिनच्या कपाटात ऑक्सिजनचे दोन सिलिंडर पट्ट्याने आवळून उभे केलेले, दोन्ही भरलेले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत बसलो होतो. ते उघडायची चावी आणि त्यांवर बसवायचे रेग्युलेटर एका खोक्यात होते आणि ते खोकं केबिनपर्यंत आलेलंच नव्हतं. आई म्हणाली, "विहीर भरलेली आणि पोहरा गावात."

त्या खोक्याचं काय झालं ते पुढे येईलच. आधी माणूस आणि त्याचा आजार.

बाबा ७२ वर्षांचे. एमएसईबीत नोकरीला लागले आणि महावितरणमधून निवृत्त झाले. खुर्ची तीच, मधे पाटी बदलली. बहुतेक नोकरी सातारा जिल्ह्यातल्या सबस्टेशनांवर. नंतर पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेतला, त्या इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरांची वसाहत. दोन जिने चढताना दम लागायला लागला, खोकला जाईना, म्हणून तपासण्या झाल्या आणि निदान आलं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आयएलडीच्या (इंटरस्टिशियल लंग डिसीज) घराण्यातला फुफ्फुसांचा आजार. पक्ष्यांची विष्ठा, पिसं, कूलरच्या ओल्या गवतावरची बुरशी असलं काहीबाही वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिलं, की काही माणसांची फुफ्फुसं त्याच्याशी भांडता भांडता निबर होतात. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ म्हणावा असा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी नोंदणीत १,०८४ रुग्ण होते, त्यांतले जवळजवळ निम्मे याच निदानाचे.

निबर फुफ्फुसाची खोड अशी, की बसल्या जागी माणूस ठीक दिसतो आणि चार पावलं टाकली की सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, आकडा कोसळतो. बाबांना बसून मिनिटाला दोन लिटर, झोपेत दोन, चालताना चार, असा चोवीस तास ऑक्सिजन लागतो. नळी काढली तर बसल्या बसल्या सॅच्युरेशन ८६, आणि उठून न्हाणीघरापर्यंत गेले तर ऐंशीच्या खाली. हे सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण बाबांनी सबस्टेशनची सवय सोडलेली नाही. तिथे दर तासाला लॉगशीट भरायचे, इथे दोनशे पानी वही भरतात: वेळ, ऑक्सिजन कुठून, किती लिटर, सॅच्युरेशन, शेरा. या लेखातले बहुतेक आकडे त्या वहीतूनच घेतले आहेत. "प्रकरण अभ्यास" म्हणायची हिंमत त्या वहीच्या जोरावर.

मी सिअ‍ॅटलजवळ राहते. आईबाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले आणि बाबांनी एकच मागणी केली, हिमनदी बघायची. पुण्याच्या डॉक्टरांनी लेह नको, केदारनाथ नको, अगदी महाबळेश्वरलासुद्धा मुक्कामाला नको असं बजावलं होतं. उंचीवर हवा विरळ होते आणि बाबांच्या हाताशी शिल्लक काही नाही. अलास्काची मौज अशी की तिथे हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. बघायला डोंगर चढावा लागत नाही, जहाज पायथ्याशी नेऊन उभं करतं. आणि जहाज समुद्रसपाटीवरच चालतं. याच्याइतकं उघड वाक्य दुसरं नसेल, पण आमच्या दृष्टीने सगळा प्रवास त्याच एका वाक्यावर उभा होता.

विमानाशी तुलना केली की ते कळतं. विमानाच्या आतला दाब ८,००० फुटांच्या उंचीइतका खाली जाऊ शकतो. जमिनीवर २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा ओढावी, तसा त्याचा परिणाम. मुंबईहून येताना दुबई ते सिअ‍ॅटल हा टप्पाच साडेचौदा तासांचा होता, विमान कंपनीने त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेबावीस तास पुरतील इतक्या बॅटऱ्या मागितल्या आणि आम्ही त्या भाड्याने गोळा केल्या. ती एक स्वतंत्र कहाणी आहे, इथे नको. एवढंच सांगते, की बाबांच्या वहीत विमानातलं पान लाल शाईने भरलंय आणि जहाजावरची बहुतेक निळ्या.

दोन म्हणजे दोन नव्हे

तयारीतला सगळ्यात मोठा गैरसमज आमच्याच घरात होता. बाबांचं हातातलं मशीन, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारा पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, सव्वादोन किलोचं. खांद्याला लटकवलं की कॅमेऱ्याची बॅग वाटावी. त्यावर एक ते सहा आकडे. घरी मोठ्या मशीनवर "दोन" म्हणजे मिनिटाला दोन लिटर, तर यावरचं "दोन" म्हणजेही तेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

तसं नसतं. घरचं मोठं मशीन अखंड धार सोडतं. हातातलं मशीन फुंकर मारतं: तुम्ही श्वास आत घ्यायला लागलात, की नळीतला दाब किंचित घटतो, मशीन ते ओळखतं आणि एक छोटी फुंकर सोडतं. श्वास बाहेर टाकताना ते गप्प. त्यामुळे बॅटरी वाचते, पण तयार होणारा ऑक्सिजनही थोडाच. अशा लहान मशीनमध्ये प्रत्येक आकड्यामागे मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर पडतात, म्हणजे "चार" वर ८०० च्या आसपास. फुंकर नेमकी श्वासाच्या सुरुवातीला मिळते म्हणून बसल्या जागी ती पुरते. चालताना माणूस धापा टाकतो, श्वास दुप्पट होतात, आणि बाबांच्या मशीनमध्ये तेवढेच ८०० मिलिलिटर दुप्पट फुंकरांत वाटले जातात. ज्या क्षणी जास्त हवा असतो, त्याच क्षणी घास लहान होतो. झोपेत तोंड उघडं पडलं तर मशीनला श्वास कळतही नाही, ते शोधत बसतं आणि शेवटी टीं टीं करून सगळ्यांना उठवतं.

इथल्या फुफ्फुसतज्ज्ञ बाईंनी हे सहा मिनिटं चालवून दाखवलं. अखंड चार लिटरवर बाबा ८९ वर टिकले. फुंकरीच्या "चार" वर तिसऱ्याच मिनिटाला ८४ आले आणि त्यांनी थांबवलं. त्या म्हणाल्या, "हे यंत्र बसायला छान आहे. बंदरावर हिंडायला नाही."

मग बेत असा ठरला. झोपायला आणि केबिनमध्ये बसायला भाड्याचं पाच लिटरचं मोठं मशीन. जेवणाच्या हॉलमध्ये, गप्पा मारताना, खुर्चीत बसल्या बसल्या हातातलं मशीन. आणि चढाला, जहाजातून उतरायच्या फळीवर, बंदरावर व्हीलचेअरच्या मागे अडकवलेला सिलिंडर. तीन कामांना तीन साधनं. इथल्या "ई" आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर मावतात. चार लिटरने २ तास ५० मिनिटं, दोन लिटरने ५ तास ४० मिनिटं. (आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर यापेक्षा बराच मोठा, १,५०० लिटरचा. तो व्हीलचेअरला लटकवायचा म्हणजे बैलगाडीच हवी.) पुण्याहून घरचं मशीन आणायचा विचारही केला नाही; ते २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालणारं, इथली वीज १२० आणि ६०.

भाड्याने घेतानाही पायरी होतीच. अमेरिकेत ऑक्सिजन हे औषध धरतात, इथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही. पुण्याच्या चिठ्ठीचा उपयोग आजार समजावण्यापुरता झाला. तपासणीचे पैसे रोख भरले, कारण पाहुण्या आईवडिलांसाठी आपण जो विमा काढतो तो आधीपासूनच्या आजाराचं नाव निघालं की अंग चोरतो. क्रूझसाठी वेगळा विमा घेतला, त्यात आधीचा आजार धरला आहे हे लेखी मागून घेतलं, आणि जहाजावरून उचलून हेलिकॉप्टरने नेण्याचा खर्च त्यात आहे का ते अधोरेखित करून वाचलं.

क्रूझ कंपनीला दीड महिना आधी फॉर्म गेला. फोनवरची मुलगी गोड होती, "ऑक्सिजन चालेल" म्हणाली. चालेल आणि मिळेल यांत केवढा फरक असतो हे तेव्हा विचारून घेतलं ते बरं झालं. चालेल म्हणजे तुमचा तुम्ही आणा. जहाजाच्या दवाखान्यातला ऑक्सिजन तातडीच्या रुग्णासाठी राखलेला. तो रोजच्या वापराला देत नाहीत, देता येणारही नाही.

व्हिसाचं एक शेपूट राहिलं. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन मधे परदेशी बंदर न शिवता परत अमेरिकेतच उतरवायला तिथला १८८६ चा कायदा मनाई करतो. म्हणून सिअ‍ॅटलहून सुटणारी ही जहाजं शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला तोंड दाखवून येतात. त्या तीनचार तासांपायी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. आम्ही व्हिक्टोरियाला उतरलोसुद्धा नाही.

केबिन निवडताना मी दोन गोष्टींवर अडून बसले. एक, अपंगांसाठीची केबिन. साध्या केबिनच्या न्हाणीघराला चांगला घोट्याएवढा उंबरठा असतो आणि दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद. बाबा म्हणाले, "मी काय अपंग आहे का?" आई म्हणाली, "अहो, उंबरठा ओलांडताना रोज कोण धापा टाकतं?" विषय संपला. दुसरं, मजला खालचा आणि आणीबाणीत जमायच्या जागेजवळचा. आग लागली तर लिफ्ट बंद. दहाव्या मजल्यावरून सिलिंडरसकट या माणसाला कोण उतरवणार? बाल्कनी मात्र चैन म्हणून घेतली, असं तेव्हा वाटलं होतं.

खोकं

आता त्या सव्वापाचकडे.

मी इंजिनिअर आहे आणि मला नीटनेटकेपणाची खोड आहे. ऑक्सिजनचं सगळं एकत्र असावं म्हणून मी मोठ्या मशीनच्या चाकाच्या खोक्यात बाजूच्या कप्प्यात सगळं भरलं: सिलिंडरचे रेग्युलेटर (दुकानदाराने घरी येऊन शिकवून हातात दिले होते, सिलिंडर परस्पर जहाजावर पोचणार होते), चावी, हातातल्या मशीनचा चार्जर, नाकाच्या जादा नळ्या. आणि पलंगापासून प्लग लांब असला तर म्हणून एक एक्स्टेन्शन बोर्ड. चांगल्यातला, सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे विजेच्या उसळीपासून उपकरण वाचवणारा.

धक्क्यावर हमालाने खोक्याकडे हात केला. माझ्या एका हातात व्हीलचेअर, दुसऱ्या हातात पासपोर्टांची पिशवी. "केबिनपर्यंत येईल ना?" "हो हो, थेट केबिनमध्ये." मी दिलं. त्या क्षणी बाबांचा सगळा ऑक्सिजन मी एका अनोळखी ढकलगाडीवर ठेवला, आणि हातात राहिल्या दोन बॅटऱ्या. त्यांतली एक घर ते धक्का, तपासणी, रांग यांत संपली.

खोक्यावर भगवी चिठ्ठी होती, "वैद्यकीय उपकरण" असं मोठ्या अक्षरांत. एक्स-रे मशीन चिठ्ठ्या वाचत नाही. त्याला एक्स्टेन्शन बोर्ड दिसला आणि खोकं बाजूला गेलं.

साडेपाचला मी चौकशीच्या काउंटरवर. माझ्यापुढे अकरा माणसं, बहुतेकांना जेवणाची वेळ बदलून हवी होती. माझी पाळी आल्यावर काउंटरवरच्या मुलाने दोन फोन केले आणि तिसऱ्या फोनला त्याचा चेहरा बदलला. सगळ्यात खालच्या मजल्यावर, सुरक्षारक्षकांच्या खोलीत. तिथे गेले तर पत्र्याच्या मांडणीवर अडवलेला माल ओळीने लावलेला: पाचसहा इस्त्र्या, किटल्या, सुवासिक मेणबत्त्या, एक चिमुकला राइस कुकर (कुणा देशबांधवाचाच, पैजेवर सांगते) आणि शेवटी आमचं खोकं. सही केली, बोर्ड त्यांच्याकडे सोडला, खोकं घेऊन वर आले.

वहीत नोंद आहे: "६.४०. हातातलं. २. सॅच्यु. ८८. एक रेघ, लुकलुकती." पुढच्या ओळीत: "६.५०. मोठं. २. सॅच्यु. ९२. मुलगी घामाघूम."

त्या दीड तासात बाबांच्या जिवाला धोका होता का? नव्हता, बॅटरी सरली असती तर आम्ही दवाखान्यात गेलो असतो आणि तातडी म्हणून त्यांनी दिलाही असता. पण सुट्टीच्या पहिल्या दिवशी तातडीचा रुग्ण होणं, त्याचं बिल, आणि पुढच्या बंदरावर उतरवतात की काय ही भीती, हे सगळं एका बोर्डापायी. यात दोष जहाजाचा नाही, माझा. सामान वाटून ठेवायचं असतं: प्रत्येक साधनाचा त्याच्यापुरता चार्जर, चावी, नळी त्याच्याचजवळ, आणि त्यांतलं एक तरी पूर्ण साधन माणसाच्या हाताबाहेर जाताच कामा नये. हा विचार मला सुचायला हवा होता. बाबांना सुचला असता, कारण एकाच फीडरवर सगळं गाव टाकू नये हे त्यांनी पस्तीस वर्षं लोकांना शिकवलं.

बोर्डावर मनाई का, हे मात्र बाबांनीच उलगडलं. रात्री एक इलेक्ट्रिशियन प्लग तपासायला आला. फिलिपिन्सचा असावा, बोलका. बाबांनी त्याला मोडक्या इंग्रजीत न्यूट्रलबद्दल विचारलं. तो हसला आणि म्हणाला, इथे न्यूट्रल नाही. बाबा अक्षरशः उठून बसले.

घरच्या वायरिंगमध्ये एक तार जिवंत आणि दुसरी, न्यूट्रल, जमिनीशी बांधलेली. जहाजावर सहसा तसं बांधत नाहीत. दोन्ही तारा लोखंडी कवचापासून अलग ठेवतात, म्हणजे एका तारेचा कवचाला स्पर्श झाला तरी लगेच वीज जाऊन जहाज आंधळं होत नाही. अशा ठिकाणी घरगुती सर्ज प्रोटेक्टर लावला, की तो एकच तार तोडतो, दुसरी जिवंतच राहते, आणि आतला भाग तापून पेटू शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ साली याबद्दल इशारा काढला होता. बाबांनी मला हे समजावलं आणि वर म्हणाले, "खालच्या पोरांनी बरोबर केलं. मीही अडवला असता."

मग पलंग आणि प्लग यांतलं अंतर? प्लग टेबलाजवळ, पलंग पलीकडे. तोडगा दुकानदाराने दिलेल्या पिशवीतच होता: २५ फुटांची नळी. मशीन टेबलापाशी, पडद्यापासून हातभर लांब ठेवलं, कारण मागच्या जाळीतून त्याला हवा ओढायची असते. वायर लांब करता येत नसेल तर नळी लांब करायची. इतकं सोपं होतं.

दाराजवळ खाच होती, तिच्यात खोलीचं कार्ड घातलं की वीज येते. आम्ही बाहेर पडताना कार्ड काढलं तर टेबलाचा प्लगही गेला, म्हणजे बॅटऱ्या चार्ज होणार नाहीत. खाचेला कोणतंही कार्ड चालतं, हे आईने शोधून काढलं. पुढचे सहा दिवस त्या खाचेत बाबांचं एसटीचं ज्येष्ठ नागरिक स्मार्ट कार्ड बसलेलं होतं.

पाणी, फळी, आगगाडी

दुसरी रात्र उघड्या समुद्रातली. व्हँकूवर बेटाच्या बाहेरच्या अंगाने जाताना पॅसिफिकची लांब लाट लागते आणि जहाज हळूच डावीउजवीकडे कलत राहतं. पहाटे तीनला बाबांनी हाक मारली, "नाकात पाणी येतंय." मशीनच्या अंगाला नाक कोरडं पडू नये म्हणून पाण्याची बाटली लावतात, तिच्यातून ऑक्सिजन बुडबुडत येतो. आईने ती प्रेमाने काठोकाठ भरली होती आणि कलत्या जहाजात पाणी नळीत चढलं होतं. नळी झटकली, बाटली काढून ठेवली. दोन लिटरला ती नसली तरी चालतं. चार लिटरपर्यंत तिची सरसकट गरज धरत नाहीत. नाक कोरडं पडलं तेव्हा पाण्याच्या आधाराचं जेल लावलं. व्हॅसलिन घरीच ठेवलं होतं, कारण तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन ही जोडी पेट घ्यायला सोकावलेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जे जळतं त्याला पिसाळवतो. त्याच कारणाने जिथे टेबलावर ज्वाळा काढून पदार्थ शिजवतात त्या हॉटेलात आम्ही गेलो नाही. आईला ते फार लागलं नाही, तिच्याकडे मेतकूट होतं.

केचिकान हे पावसाचं गाव. धो धो नाही, कोकणातल्या श्रावणासारखा संथ. मला वाटलं, व्हीलचेअर आहे, दहा मिनिटांचं काम आहे, सिलिंडर भिजवायचा कशाला. हातातलं मशीन पुरे. खाली गेलो तर ओहोटी. जहाजातून धक्क्यावर टाकलेली फळी चांगलीच चढणीची झालेली, आणि खलाशी नम्रपणे पण ठाम म्हणाला की एवढ्या चढावर व्हीलचेअर ढकलायची त्यांना परवानगी नाही, साहेबांना चालावं लागेल.

बाबा उठले. कठडा धरला. मशीन "चार" वर. मी मागे, माझ्या हातात रिकामी खुर्ची. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या, पाय घसरू नये म्हणून, आणि बाबा पट्टी मोजत चालले होते. अकराव्या पट्टीला मशीनचा टकटक आवाज भरभर व्हायला लागला. चौदाव्याला ते थांबले. बोटाला ऑक्सिमीटर लावला: ८२. मागे रांग खोळंबली. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही, कठड्यावर कोपर टेकले, ओठांचा चंबू केला आणि चहावर फुंकर घालावी तसा लांब श्वास सोडत राहिले. ८३. ८३. ८५. मागून एक आजोबा म्हणाले की घाई नाही, आम्ही सुट्टीवर आहोत. ८८ झाल्यावर बाबा उरलेल्या नऊ पट्ट्या चढले. वर जाऊन त्यांनी आधी वही मागितली. शेऱ्यात लिहिलं: "सिलिंडर न घेणे ही चूक."

जुनोला मग त्यांनी भरतीओहोटीचं वेळापत्रकच मागवलं. तिथला धक्का तरंगता आहे, पाण्याबरोबर वरखाली होतो, आणि किनाऱ्याला जोडणारा पूल त्यासोबत कलतो. मोठ्या ओहोटीला फरक वीस फुटांच्या पुढे जातो, मुंबईच्या मोठ्या भरतीपेक्षाही जास्त. आम्ही भरती येईपर्यंत नाश्ता लांबवला आणि पूल सपाट झाल्यावर उतरलो. सिलिंडर, चार लिटर, सॅच्युरेशन ९१. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

स्कॅगवेच्या आगगाडीवर मात्र दोन दिवस वाद झाला. १८९८ ते १९०० या काळात, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी बांधलेली ही अरुंद रुळांची गाडी समुद्रकाठावरून सुटते आणि वीस मैलांत व्हाइट पासला, सुमारे २,८६५ फुटांवर जाते. माथेरानपेक्षा थोडं उंच. मी नको म्हणत होते. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं: तेवढ्या उंचीवर आत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण दहा टक्क्यांनी कमी, विमानात याच्या दुपटीहून जास्त घट साडेचौदा तास सोसली आहे, इथे वर जेमतेम काही मिनिटं, तेही खिडकीत बसून, उठायचं नाही. फुफ्फुसतज्ज्ञ बाईंना संदेश पाठवला, त्यांचं उत्तर आलं: बसून जाणार असाल तर जा, आकडा ८८ च्या खाली गेला तर एक लिटर वाढवा, गाडीत चालू नका. गेलो. खिंडीत दोनाचे तीन लिटर करावे लागले, ८९ वर टिकले. दरीच्या बाजूने लाकडी पूल, खाली फेसाळ पाणी, आणि बाबांचं अर्धं लक्ष सिलिंडरच्या काट्यावर.

नळीच्या टोकाला

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावर माहिती सांगतात. सगळे प्रवासी वरच्या डेकवर धावले. आम्हीही गेलो. वारा बोचरा. आईने बाबांना शाल पांघरली आणि मांडीवरच्या मशीनलाही, थंडी वाजेल म्हणून. दोन मिनिटांत मशीन बोंबलायला लागलं: हवा घ्यायची जाळी शालीखाली गेली होती. शाल काढली तर बॅटरी गारठून नेहमीपेक्षा भरभर उतरायला लागली. पाच अंशांखाली ही मशीनं चालवू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पारा तिथवर गेला नव्हता, पण वाऱ्यात फार लांबही नव्हता. पुढे माणसांच्या पाठीच पाठी. बाबांना दिसत होत्या त्या फक्त टोप्या.

केबिनमध्ये परत आलो. मी मोठं मशीन सुरू केलं, २५ फुटांची नळी उलगडली, बाल्कनीचं दार सरकवलं आणि खुर्ची बाहेर ठेवली. नळी पुरून वर दोन हात उरली. मशीन आत उबेत, माणूस बाहेर. बाल्कनी चैन म्हणून घेतली होती, ती नळीच्या टोकाची खोली निघाली.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर उभं राहिलं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून सावकाश फिरलं, तेव्हा ती निळी भिंत आमच्या कठड्यासमोर आपणहून आली. पाण्याच्या वर सुमारे अडीचशे फूट. आधी आवाज येतो, दूर कुठेतरी ट्रान्सफॉर्मर उडावा तसा, आणि मग बघेपर्यंत बर्फाचा कडा पाण्यात गेलेला असतो. बाबांनी तीन वेळा मान उशिरा वळवली. चौथ्यांदा त्यांना कडा पडताना दिसला. वहीत त्या तासाच्या ओळीत वेळ आहे, "मोठं" आहे, दोन लिटर आहे, सॅच्युरेशनचा रकाना कोरा आहे.

रविवारी सकाळी साडेसातला सिअ‍ॅटल. या वेळी खोकं मी हमालाला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस मशीन न्यायला घरी आला, त्याने मागच्या बाजूचं छोटं मीटर वाचलं. मशीन एकूण किती तास चाललं ते त्यावर दिसतं. बाबांनी चढताना आणि उतरतानाचं रीडिंग लिहून ठेवलंच होतं. फरक १०९ तास. ३५० वॉटने गुणून त्यांनी आकडा काढला.

"अडतीस युनिट," ते म्हणाले. "याचं बिल कुणी भरलं?"